नेमाच्या पलीकडची बाई

हरिबा वाघमोडे राखीव पोलीस दलातून निवृत्त झाला त्या दिवशी सोरेगावच्या कॅम्पात त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर तो बायकोला, फुलाबाईला म्हणाला, "सगळं दिलं. रायफल तेवढी ठिवून घेतली." फुलाबाई हसली. नवरा थट्टा करतोय असं तिला वाटलं. पण हरिबाच्या तोंडावर हसू नव्हतं.

माणूस साधा. नातेपुत्याजवळच्या माळावर बापाच्या मागं मेंढरं राखत वाढलेला, दहावी कशीबशी काढलेला. भरतीत उंचीवर आणि छातीवर निभावला. पुढं नोकरीत त्याचं फारसं नाव कुठं झालं नाही. बढतीच्या परीक्षेला बसला की हात आखडायचा, साहेबापुढं बोलायची वेळ आली की मागं सरायचा. पण चांदमारीच्या मैदानावर पालथा पडून त्यानं जुनी थ्री नॉट थ्री खांद्याला लावली की सगळा कॅम्प बघत राहायचा. वारा आडवा असो, ऊन डोळ्यांवर असो, हरिबाची गोळी जायची तिथंच जायची. रायफल जड, लाकडी दस्त्याची, इंग्रजांच्या वेळच्या घडणीची. दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा, पुढं सारायचा, खाली दाबायचा. तरणी पोरं कंटाळायची. हरिबाला त्या खटक्याचीच गोडी होती. आपल्याला आयुष्यात एक तरी गोष्ट नीट येते, असं त्याला तेवढ्यापुरतं वाटायचं.

मग नव्या बंदुका आल्या आणि जुन्या रायफली पेट्यांत भरून गेल्या. हरिबानं नव्याही चालवल्या, वाईट चालवल्या नाहीत, पण त्यांच्यावर त्याचा जीव बसला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढं लोकांनी तीच उकरून काढली. एवढ्या नोकरीत हरिबानं माणसावर एकही गोळी झाडली नव्हती. दंगलीच्या बंदोबस्तात तो उभा राहिला, दगड खाल्ले, एकदा तर नेम धरून बसला. पण हुकूम आला नाही. "बिरोबानं हात कोरडं ठिवलं," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याला बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर घरात बसून त्याचं डोकं फिरायला लागलं. लेक प्रियंका बार्शीला दिलेली, विजापूर रोडवरच्या दोन खोल्यांत नवरा-बायको दोघंच. बाजारातल्या दुकानांची रोकड गोळा करून बँकेत भरणारी एक एजन्सी होती. तिला गाडीवर हत्यारी माणूस हवा होता, आणि हत्यार माणसाचं स्वतःचं हवं होतं. पोलिसातला माणूस म्हणून हरिबाला परवाना फार खेटे न घालता मिळाला. प्रश्न राहिला तो बंदूक कुठली घ्यायची याचा.

शहरातल्या बंदुकीच्या दुकानात तो गेला तर काउंटरवर ती ठेवलेली. तीच. तसाच दस्ता, तसाच बोल्ट, नाकाशी तसंच आखूड तोंड. फक्त लाकूड नवं, पॉलिशचा वास येणारं. दुकानदार म्हणाला, "ती तुमची सरकारी, तिची गोळी पब्लिकला चालत नाही. म्हणून गोळी बदलली, बाकी अंग तेच. नवीन बनवलेली आहे, हवालदार." हरिबानं बोल्ट ओढला. जरा खरखरला, पण आवाज ओळखीचा होता. 

तरीही त्यानं घाई केली नाही. ज्यांच्याकडं अशी रायफल आहे त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवलं.

पहिल्यांदा तो अक्कलकोटच्या पुढं बसप्पाकडं गेला. बसप्पा तुरीचा व्यापारी, शेतीही मोठी. रानडुकरांचा त्रास म्हणून त्यानं ही रायफल घेतलेली. त्यानं ती सुती कापडातून काढून बाजेवर ठेवली.

"नव्या चपलीगत हाय बघा," बसप्पा म्हणाला. "पयल्यांदा चावतीया. बोल्ट घट्ट, चाप जड. वरीसभर तेल घालून ओढत बसलं की मऊ पडतीया. मारतीया मातर एक नंबर."

"मग तक्रार न्हाय म्हणा की, अण्णा."

"हाय की." बसप्पानं आवाज बारीक केला. "ही गोळी कुटं थांबत न्हाय. बांधावर डुकर मारलं. डुकर पडलं, हौद्री, व्हय, पडलं. पण डुकराच्या मागं शेजाऱ्याची म्हस बांधलेली. ती बी पडली. भरपाई दिली, हात जोडलं, पण तो शेजारी अजून माज्या दारात पाय ठिवत न्हाय. रानात बी मागं कोण हाय ते बघावं लागतंय. तुमी तर बाजारात हुबा ऱ्हाणार."

दुसरा शहाजी. हा नातेपुत्याचा, हरिबाच्याच शाळेतला, फौजेतून परत येऊन एका बँकेच्या दारात उभा राहणारा. त्यानं आधी असलीच रायफल घेतली होती आणि दोन वर्षांत विकून छर्ऱ्याची डबलबारी बाराबोर घेतली होती. त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"हरिबा, लेका, ती नको घिऊ. आपल्याला ती आवडती, कारण ती धरली की आपण पंचवीस वर्सांचं हुतो. पण बाजारात छर्रंच बरं. छर्रा गुडघ्यात घाल, माणूस बसतो. लांब गेला तर गळून पडतो. रायफलीची गोळी म्हंजी सोडलेला वळू. त्यो कुणाला तुडवील ते त्योच जाणं."

"मी काय येडा हाय का कुटंबी सोडायला?"

"येडा न्हायस. म्हणूनच म्हंतो. येळ आली की तू सोडणारच न्हायस."

हरिबाला ते लागलं. चहा अर्धा टाकून तो उठला.

घरी फुलाबाईनं तर एकाच वाक्यात निकाल दिला. "नोकरीत हुता तवा सांजच्याला ती जमा करून घरी येत हुता. आता ती बी घरी येणार. मला न्हाय पायजे."

तिघांनी तीन परींनी नको म्हणून सांगितलं, आणि हरिबानं ती घेतली. फंडातल्या पैशातून घेतली. का घेतली, हे त्याला नंतर पोलिसांनी विचारलं, एजन्सीनं विचारलं, रात्री पडल्यापडल्या त्यानं स्वतःलाही विचारलं. उत्तर एकच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं: तिचा खटका कानाला गोड वाटला म्हणून.

सुरवातीचं वर्ष चांगलं गेलं. गाडीवर तिघं जण असायचे. गाडी चालवणारा विरेश, रोकडीची पिशवी दुकानातून गाडीपर्यंत आणणारा मंजुनाथ, आणि दारात रायफल घेऊन उभा हरिबा. मंजुनाथ तिशीतला, लिंगायताच्या घरचा, अक्कलकोट नाक्याकडं आई आणि बायकोबरोबर राहणारा. आईशी फोनवर कानडीत बोलायचा आणि फोन ठेवता ठेवता हरिबाला मराठीत सांगायचा, "आई म्हणतीया, मामांनी जेवलं का विचार." डब्यात रोज कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, निम्मी हरिबाची. बोलका, पापभीरू पोरगा. पिशवीचा पट्टा तो मनगटाला दोन वेढे देऊन धरायचा. हरिबानं त्याला एकदोनदा टोकलं होतं, "असं गुंडाळू नगं. कुणी वडली तर सोडून द्यावी." तो म्हणायचा, "गेली तर माज्या पगारातनं जाईल की, मामा. आणि तुमी हाय की."

लोक रायफलीकडं बघायचे. सराफी दुकानातली पोरं विचारायची, खरीच आहे का. हरिबा ताठ उभा राहायचा. संध्याकाळी घरी येऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं ती पुसायचा, तेल द्यायचा, बोल्ट मऊ पडला का बघायचा. पडत चालला होता.

जानेवारीत गड्ड्याचे दिवस आले. सिद्धेश्वराच्या यात्रेला आलेली माणसं बाजारात लोटली होती. संक्रांतीच्या बांगड्या, तीळगूळ, पोरांच्या पिपाण्या. नव्या पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी चारच्या सुमाराला गाडी एका कापडदुकानासमोर थांबली. गर्दीमुळं ती नेहमीच्या जागी लागली नाही, जरा अलीकडंच लागली. मंजुनाथ आत गेला, पिशवी घेऊन पायरी उतरला.

दोघं मोटारसायकलवर होते. मागचा उतरला, त्यानं पिशवीला हात घातला आणि ओढली. पट्टा मंजुनाथच्या मनगटाला होता. तो पिशवीबरोबर खेचला गेला, गुडघ्यावर आला, पण सुटला नाही. त्या माणसानं शर्टाखालून कोयता काढला.

हरिबानं रायफल खांद्याला लावली होती. ती कधी लावली ते त्याला कळलंही नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातांनीच ते काम केलं. बोल्ट मागं, पुढं, खाली. नळीच्या टोकाची नेमाची माशी त्या माणसाच्या छातीवर बसली. इतक्या जवळून हरिबा डोळे मिटूनही चुकला नसता.

आणि त्या छातीच्या मागं, बरोबर रेघेत, एक बाई उभी होती. जांभळी साडी, कडेवर लहान मुलगी. बांगड्यांच्या गाड्याला पाठ लागलेली, मागं सरायला जागा नाही. ती हरिबाकडं बघत होती. त्या मुलीनं आईच्या मानेला मिठी मारली होती.

हरिबा डावीकडं सरकला. तो माणूसही वळला. बाई पुन्हा मागंच. हरिबा ओरडला, "बाजूला व्हा! ए, बाजूला व्हा!" कोण बाजूला होणार? तो उजवीकडं सरकला. तेवढ्यात कोयता वर गेला आणि खाली आला. पहिला घाव मनगटावर बसला. दुसरा मानेवर.

मग हरिबा धावला. रायफल उलटी धरून दस्ता त्या माणसाच्या खांद्यावर हाणला, हाड मोडल्याचा आवाज आला, पण तोवर पिशवी सुटली होती. मोटारसायकल गर्दी चिरत गेली. लोक ओरडत पांगले. विरेशनं मंजुनाथला गाडीत घेतलं. सिव्हिलला पोचेपर्यंत हरिबानं दोन्ही हातांनी त्याची मान दाबून धरली होती.  मंजुनाथचे डोळे उघडे होते आणि ते गाडीच्या टपाकडं बघत होते. सिव्हिलच्या दारात डॉक्टरांनी हरिबाचे हात बाजूला केले आणि म्हणाले, "सोडा आता, काका."

आठवड्याच्या आत ते दोघं बार्शीजवळ सापडले. एकाचा खांदा मोडलेला होता, त्यावरूनच ओळख पटली. पण तोवर गावाचं लक्ष चोरांवरून उडून हरिबावर बसलं होतं. पेपरात छापून आलं, 'हातात रायफल, तरी सुरक्षारक्षक बघत राहिला.' मोबाइलवर कुणीतरी लांबून काढलेलं चित्रण फिरलं. त्यात हरिबा रायफल धरून डावीकडं सरकतो, उजवीकडं सरकतो. जागच्या जागी नाचणाऱ्या माणसासारखा दिसतो. दुकानाच्या कॅमेऱ्यात पायरी तेवढी आली होती. बांगड्यांचा गाडा कशातच नव्हता.

पोलिसांनी रायफल ताब्यात घेऊन तपासायला पाठवली. चौकीतल्या फौजदारानं नंतर हरिबाला बोलावून सांगितलं. साहेब तरणा होता, बोलायला वाईट नव्हता.

"काका, रायफल एकदम ठीक आहे. काडतुसं ठीक. चाप ओढला असता तर उडाली असती."

"मला ठाव हाय, साहेब. मागं बाई हुती."

"ते तुम्ही जबाबात सांगितलंय. पण तशी बाई कुणी पाहिलेली नाही. आणि हवेत तरी झाडायची ना. आवाजानंच पळाला असता."

 बाईचं उत्तर हरिबाकडं होतं, हवेचं नव्हतं. नळी वर करून चाप ओढायचा, बस्स. त्या वेळी ते त्याला सुचलंच नाही. चांदमारीत नेम धरायला शिकवतात, नेम सोडायला कुणी शिकवत नाही. पण हे साहेबाला कसं सांगायचं?

एजन्सीनं त्याला काढून टाकलं. विरेश रस्त्यात दिसला की मान वळवायचा. शहाजीनं फोन केला, नुसतं "कसा हाईस?" विचारलं आणि ठेवून दिला. 'तू सोडणारच न्हायस' हे त्याचं जुनं वाक्य दोघांच्याही मनात होतं.

बाराव्याला हरिबा आणि फुलाबाई मंजुनाथच्या घरी गेले. लोकांनी वाट दिली, पण बसायला कुणी सांगितलं नाही. मंजुनाथची बायको महेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली. मंजुनाथची आई सुंदरम्मा मात्र उठून जवळ आली. बुटकी, कपाळाला विभूती, रडून रडून आवाज बसलेला.

"यप्पा," ती म्हणाली, "एवडंच सांग. मागं खरंच बाई हुती?"

"हुती, आई."

"लेकरू हुतं कडंवर?"

"हुतं."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यात राग असता तर हरिबाला सोसला असता. ती विश्वास ठेवायला धडपडत होती, आणि तो तिला ठेवता येत नव्हता. "मग ती येत का न्हाय?" ती म्हणाली. "माझं लेकरू तिच्या पायी गेलं. येऊन एकदा सांगायचं, की व्हय, मी हुते. मग मी तुला काय म्हणणार न्हाय."

त्या दिवसापासून हरिबा त्या बाईला शोधायला लागला. फुलाबाईला त्यानं सांगितलं, म्हातारीसाठी शोधतोय. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्याला स्वतःलाच आता खात्री राहिली नव्हती. इतकी वर्षं माणसावर गोळी न झाडलेला हात त्या दिवशी भ्याला, आणि मनानं नंतर एक बाई उभी केली, असं तर नसेल? जांभळी साडी तो दर वेळी आठवायचा आणि दर वेळी तिचा रंग जरा वेगळा व्हायचा. शेवटी शेवटी त्याला ती मुलगी कुठल्या कडेवर होती तेही आठवेना.

गड्डा उठला, पाळणे गेले, बाजार मोकळा झाला. हरिबा रोज नव्या पेठेत जाऊन उभा राहायचा, दुकानादुकानांत विचारायचा. काही जण हाकलून द्यायचे, काही जण त्याला ओळखून पोरांना दाखवायचे. बांगड्यांचा गाडा मायाक्का नावाच्या कासारणीचा. तिनं पहिल्या दोन-तीन वेळा मान हलवून वाटेला लावलं. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ती आपण होऊन बोलली.

"हुती की बाई. माज्याच गाड्याला हुती. एका हातात बांगड्या भरल्या, दुसरा हात राहिला. तेवड्यात बोंब झाली, मी गाड्याखाली बसले. ती पुन्यांदा दुसरा हात भराय आलीच न्हाय."

हरिबा तिथंच पायरीवर बसला. छातीवरचा धोंडा निघाल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची लाजही वाटली. मंजुनाथ मेला होता, आणि आपण कशानं सुखावतोय?

"पोलिसास्नी का न्हाय सांगितलंस, बाई?"

"मला रोज हितं गाडा लावायचा हाय, दादा. साक्षीला मी यायची न्हाय. गोळीबिळी कुटं रोखली ते मी बघितलं न्हाय, डोळं मिटले हुते." मग बांगड्या लावता लावता म्हणाली, "तेलुगू बाई हाय. कुंभारीकडल्या विडी घरकुलात मी बांगड्या घिऊन जाते, तितं दिसती. सावित्रम्मा."

दुसऱ्या दिवशी हरिबा तिकडं गेला. एकसारख्या घरांच्या ओळी, दारादारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. विचारत विचारत तो पोचला. सावित्रम्मा उंबऱ्यात बसली होती. बोटं तेंदूच्या पानावर चालत होती. तिनं वर बघितलं आणि बोटं थांबली. सूप बाजूला सारून ती उठली, शेजारी खेळणाऱ्या मुलीला दंडाला धरून आत ढकललं आणि दारात आडवी उभी राहिली.

"काय पायजे?"

"बाई, भिऊ नका. मी..."

"मला ठाव हाय तुमी कोण. माझ्यावर बंदूक धरली हुती तुमी."

हरिबा गोंधळला. "तुमच्यावर न्हाय, बाई. त्या चोरावर. तुमी त्येच्या मागं हुता."

"मला काय म्हाईत? मला तोंड दिसत हुतं बंदुकीचं. असं हितं." तिनं दोन बोटं स्वतःच्या गळ्याखाली टेकवली. "तुमी हिकडं सरकला, ती माझ्याकडं. तुमी तिकडं सरकला, तरी माझ्याकडंच. मला वाटलं तुमी त्यांच्यातलेच. माझी पोरगी आजून झोपेत वरडती. कुणी दार वाजिवलं की पलंगाखाली जाती."

"म्हणूनच सांगाय आलो. तुमी मागं हुता म्हणून मी गोळी झाडली न्हाय. तुमी आणि पोरगी हुता म्हणून."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून तिचा चेहरा निवळेल. तो आणखी आवळला. 

"म्हंजी तो माणूस माझ्यामुळं मेला?" ती म्हणाली. "ह्ये सांगाय आलाव तुमी?"

"न्हाय, न्हाय, बाई..."

"पेपरात त्याचा फोटो बघितला मी. त्याच्या बायकोचा बी. रोज डोळ्यांपुढं येतो. आजपातुर मला वाटायचं, मी नुसती तितं हुते. आता तुमी सांगताय, माझ्यामुळं."  आतून मुलीनं हाक मारली. सावित्रम्मानं मागं न बघता तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि मुलगी गप्प झाली. "मी कुटं येणार न्हाय. पोलिसात न्हाय, कुणाच्या घरी न्हाय. माझ्या मालकाला ठाव बी न्हाय मी त्या दिशी बाजारात गेलते ते. जावा तुमी."

शेजारच्या बायका माना वर करून बघायला लागल्या होत्या. हरिबानं हात जोडले.  तो ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि बसची वाट बघत उभा राहिला.

घरी येऊन त्यानं फुलाबाईला सगळं सांगितलं.  "सापडली न्हवं?" ती म्हणाली. "मग चला. म्हातारीला सांगू."

चार-पाच दिवस तो टाळत राहिला. मग एका सोमवारी दोघं गेले. सुंदरम्मा चुलीपुढं होती. पदराला हात पुसत बाहेर आली. महेश्वरी मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती. नवऱ्यामागं तिनं शिवणकाम धरलं होतं. पाय थांबवून ती ऐकायला लागली.

"कळलं का काय, यप्पा?" सुंदरम्मानं विचारलं. "लोक म्हणत हुते, तू बाजारात विचारत फिरतोस."

हरिबा खाली बघत होता.

"सापडली का? नाव सांग मला तिचं. मी भांडायची न्हाय. मी नुसती तिच्या दारात जाऊन बसते. माझ्या मंजूच्या बदल्यात कोण राहिलं, ते मला बघू दे. त्या लेकराला बघू दे."

हरिबानं मान वर केली. म्हातारी खरंच भांडायला जाणार नव्हती, हे त्याला दिसत होतं. ती जाऊन बसणार होती. आज बसेल, उद्या बसेल. त्या मुलीला जवळ बोलावील, तिच्या डोक्यावरून हात फिरवील आणि रडेल. आणि सावित्रम्मा आत दाराला पाठ लावून उभी राहील.

"न्हाय सापडली, आई," तो म्हणाला.

फुलाबाईनं झटकन त्याच्याकडं बघितलं. 

सुंदरम्मा तशीच उभी राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं ते धडपडणं थांबलं. "म्हंजी न्हवतीच," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. "मला वाटलंच हुतं. माणूस भितो. भितोच की. पण भ्यालो म्हणून सांगायचं. बाईच्या पदराआड कशाला लपायचं?"

हरिबा उभा राहिला. महेश्वरीनं मशीन पुन्हा चालू केलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर फुलाबाईला राहवलं नाही. "खरं का न्हाय सांगितलंसा? जन्मभर ती तुमाला भ्याड म्हणंल."

"म्हणू दे."

"आन तुमी?"

हरिबा चालत राहिला. "मी भ्यालो का न्हाय ते मलाच नीट ठाव न्हाय," तो म्हणाला. "हवेत तरी झाडायची हुती."



त्याच उन्हाळ्यात त्यांनी विजापूर रोडची जागा सोडली आणि नातेपुत्याजवळ फुलाबाईच्या भावाच्या वस्तीवर राहायला गेले. रायफल मुद्देमालात आहे. खटला उभा राहील, संपेल, मग ती सोडवून आणायला अर्ज करावा लागेल. हरिबा तो करणार नाही. परवान्याची मुदत भरली तेव्हा त्यानं नूतनीकरणही केलं नाही. तो मेव्हण्याची मेंढरं घेऊन माळावर जातो. बाजाराच्या दिवशी पारावर त्याचा विषय निघतो, हा तोच, ज्यानं गोळी झाडली नाही. शहाजी तिथं असला तर उठून निघून जातो. हरिबा असला तर बसून राहतो, तंबाखू मळतो, आणि कुणी तोंडावर विचारलंच की मागं खरंच कोण होतं का, तर म्हणतो, "कोण न्हवतं."